अर्धनारीनटेश्वर आणि रिस्पॉन्सिबिलिटी : लांब शब्दांच्या पदच्छेदाविषयी

वेळापूर हे सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातले गाव. आषाढीच्या वारीत ज्ञानेश्वरांच्या पालखीचा येथे मुक्काम असतो, म्हणून वारकऱ्यांना ते ठाऊक असते. आणि यादवकालीन अर्धनारीनटेश्वराचे मंदिर येथे आहे, म्हणून शिल्पाच्या व शिलालेखांच्या अभ्यासकांना. मंदिराचे हे नाव मोठे आहे. लिहिताना त्यात आठ अक्षरे येतात आणि चार पदे त्यात एकमेकांत गुंतलेली आहेत : अर्ध, नारी, नट, ईश्वर. तरीही गावातले चार-पाच वर्षांचे मूल ते नाव न अडखळता घेते. कोणी त्याला ते फोडून शिकवलेले नसते आणि त्याचा विग्रहही समजावलेला नसतो. आजीच्या तोंडून ऐकून ते त्याच्या जिभेवर बसलेले असते.

तेच मूल पुढे पाचवी-सहावीत जाते आणि एके दिवशी पुस्तकातल्या 'रिस्पॉन्सिबिलिटी' या शब्दापाशी येऊन थांबते. अर्धनारीनटेश्वराहून हा शब्द बोलायला काही लांब नाही. पण मुलाला तो शब्द म्हणून दिसतच नाही. दिसते ती चौदा अक्षरचिन्हांची एक रांग. अशा वेळी वर्गात जी शांतता पसरते तिचा अनुभव महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या शाळेत शिकलेल्या वाचकाला असेल. प्रस्तुत लेखकाच्या वर्गात असाच एक मुलगा होता. गणितात तो पहिला येई, अभंग तोंडपाठ म्हणे. एका लांब इंग्रजी शब्दावर तो अडला, वर्ग हसला, आणि त्यानंतर वर्षभर त्याने इंग्रजीचे पुस्तक मोठ्याने वाचले नाही. या लेखाचा विषय तसा कोरडा आहे : लांब इंग्रजी शब्द कोठे आणि कसे तोडावेत. पण त्या मुलाच्या शांततेची कारणे या कोरड्या विषयाच्या इतिहासात सापडतात, असे मला वाटते.

गाढवावर गाढव

आपल्याकडे इंग्रजी शब्द शिकवण्याची जुनी रीत सर्वांच्या परिचयाची आहे. 'सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर.' अक्षरांची नावे क्रमाने घोकायची, मग उच्चार, मग अर्थ. तीन अक्षरांच्या शब्दाला ही रीत पुरते. दहा-बारा अक्षरांच्या शब्दाला ती पुरत नाही, कारण अर्थाचा आधार नसलेली इतकी लांब साखळी स्मरणात टिकत नाही. मग विद्यार्थ्यांनी स्वतःच शब्द फोडण्याच्या युक्त्या काढल्या. 'असॅसिनेशन' या शब्दाचे स्पेलिंग पिढ्यान्‌पिढ्या मराठी मुले 'गाढवावर गाढव, गाढवावर मी, माझ्यावर राष्ट्र' असे पाठ करीत आली आहेत. 'लेफ्टनंट' म्हणजे 'लाय-यू-टेन-अँट'. 'टुगेदर' म्हणजे 'टू-गेट-हर', हे तर वर्गात खुसखुशीत हसूनच सांगितले जाई. 'नॉलेज'ला 'कनोलेडगे' आणि 'वेन्झडे'ला 'वेड-नेस-डे' म्हणून लक्षात ठेवणारे कितीतरी जण भेटतील.

या युक्त्यांना हसण्याचे कारण नाही. अत्यंत हुशार अशी ही फोड आहे. मात्र ती कशासाठी आहे हे नीट पाहिले पाहिजे. गाढवाचा आणि हत्येचा संबंध नाही. 'असॅसिन' हा शब्द मूळ अरबीतून युरोपात गेला. म्हणजे ही फोड अर्थानुसारी नाही. ती उच्चारानुसारीही नाही, कारण 'लायूटेनअँट' असे कोणी म्हणत नाही. ती फक्त परीक्षेच्या कागदावर शब्द बिनचूक उतरवण्यासाठी आहे. लांब शब्द तोडण्याचे तीन मार्ग संभवतात : जीभ तोडते तसा, अर्थ तोडतो तसा, आणि स्मरणाला सोयीचा पडेल तसा. यांपैकी तिसराच मार्ग आमच्या वाट्याला आला, आणि तोही शाळेने दिलेला नव्हे, आम्हीच शोधलेला. पहिले दोन मार्ग कोठे गेले?

मोदकांची गोष्ट

शब्द चुकीच्या ठिकाणी तोडल्यामुळे झालेल्या फजितीची बहुधा सर्वांत प्रसिद्ध भारतीय कथा महाराष्ट्रातलीच आहे. सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त, म्हणजे अकराव्या शतकातल्या काश्मिरी ग्रंथात, ती येते. पण तिचा नायक आहे प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा, सातवाहन राजा. राण्यांसह जलक्रीडा चालू असताना थकलेली राणी त्याला पाणी उडवू नका असे संस्कृतात विनवते. 'मा' आणि 'उदकैः' यांचा संधी होऊन तिच्या तोंडून 'मोदकैः' असा ध्वनी निघतो. राजाला तो संधी सोडवता येत नाही. तो मोदक आणवतो. राणी हसते, परिवार हसतो आणि राजा अन्नपाणी टाकून अंथरूण धरतो.

पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. राजाला व्याकरण शिकवायला किती काळ लागेल? एरवी बारा वर्षे लागतात, मी सहा वर्षांत शिकवीन, असे गुणाढ्य म्हणतो. शर्ववर्मा म्हणतो, मी सहा महिन्यांत शिकवीन. ते अशक्य आहे असे मानून गुणाढ्य पैज लावतो : तसे घडले तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडीन. शर्ववर्मा 'कातंत्र' नावाचे आटोपशीर व्याकरण मिळवतो आणि पैज जिंकतो. गुणाढ्य पैशाची भाषेचा आश्रय करतो आणि 'बृहत्कथा' लिहितो. कथेतला चमत्काराचा भाग सोडला तरी कातंत्र व्याकरण खरे आहे. बंगालपासून काश्मीरपर्यंत आणि तिबेटपर्यंत ते शिकवले गेले.

या कथेतला राजा आणि माझ्या वर्गातला तो मुलगा यांची अवस्था एकच आहे. दोघेही बुद्धीने कमी नव्हते, दोघांनाही शब्दाचा सांधा दिसला नाही, आणि दोघेही चारचौघांत हसले गेले. फरक एवढाच की राजासाठी कोणीतरी सहा महिन्यांचे व्याकरण तयार केले.

अक्षर आणि अवयव

शब्द तोडण्याचे शास्त्र आपल्याकडे नव्हते असे म्हणायची सोय नाही. शाकल्याने ऋग्वेदाचा पदपाठ केला तो याच कामासाठी. सलग उच्चारल्या जाणाऱ्या संहितेतले प्रत्येक पद त्याने सुटे केले आणि सामासिक पदाच्या पोटातही अवग्रहाने खूण केली. 'पुरोहित' हे 'पुरः' आणि 'हित' असे वेगळे दाखवले. हा अर्थाच्या सांध्यावरचा छेद झाला. प्रातिशाख्यांनी दुसरा छेद अभ्यासला, तो ध्वनीचा. एखादे व्यंजन मागच्या स्वराचे अंग की पुढच्या, याची चर्चा त्यांत आहे, आणि संयोगातले पहिले व्यंजन मागच्या स्वराकडे जाते हा विचारही आहे. जोडाक्षराच्या आधीचे ऱ्हस्व अक्षर गुरू का मानायचे, याचे मर्म यातच आहे.

येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा लागतो. इंग्रजीत ज्याला 'सिलॅबल' म्हणतात त्याला आपण 'अक्षर' म्हणतो. पण लिहिलेले अक्षर आणि उच्चारलेला अवयव यांच्या सीमा नेहमी जुळत नाहीत. 'अर्धनारीनटेश्वर' लिहिताना आपण 'अ' आणि 'र्ध' असे तोडतो. बोलताना मात्र जीभ 'अर्' आणि 'ध' असे तोडते. लेखनात शेवटचा 'र' स्वतंत्र अक्षर आहे; बोलण्यात तो 'श्व'ला चिकटून 'वर' होतो. म्हणून आठ अक्षरांचा हा शब्द तोंडात सातच अवयवांचा असतो : अर्-ध-ना-री-न-टेश्-वर. देवनागरीची रीत अशी की स्वराच्या आधी आलेली सगळी व्यंजने त्या स्वराच्या पदरात टाकायची. ही लिपीची सोय आहे. कानाचा कौल वेगळा आहे, आणि प्रातिशाख्यकारांनी तो कानानेच दिला होता.

वारकऱ्याला हे दोन्ही हिशेब न शिकता येतात. मोठ्या अभंगाचा चरण सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचा. गाताना 'विठ्ठल' हा शब्द तीन अक्षरांचा धरला जातो, शेवटच्या 'ल'चा 'अ' स्पष्ट लांबवला जातो. तोच वारकरी गप्पा मारताना 'विठ्ठल' दोन अवयवांत उच्चारतो. वेळापूरच्या रस्त्यावरून दरवर्षी अक्षरे मोजणारे लाखो कान जातात, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. लांब शब्दाचे तुकडे कानाने ओळखण्याची क्षमता या प्रदेशात कमी असण्याचे काही कारण नाही.

वाचनाच्या बाबतीतही तसेच. वेळापूरच्या मंदिराच्या आवारातले मराठी शिलालेख यादव रामचंद्रदेवाच्या काळातले, तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सांध्यावरचे. त्या काळच्या कोरीव लेखांत आजच्याप्रमाणे शब्दाशब्दांत मोकळी जागा सोडलेली नसते. ओळ संपते तेथे शब्दही निःसंकोच तुटतो आणि पुढच्या ओळीवर जातो. पोथ्यांची रीत हीच. मोडीत तर आधी रेघ ओढून तिच्याखाली अक्षरे सलग जोडत नेण्याचा प्रघात होता. शब्द कोठे संपला हे वाचणाऱ्याने अर्थावरून ठरवायचे. शब्दांतली अंतरे, स्वल्पविराम, अर्धविराम आणि ओळीच्या शेवटी तुटलेल्या शब्दाला दिलेली आडवी रेघ या गोष्टी छपाईबरोबर आल्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मेजर टॉमस कँडी यांनी विरामचिन्हांची घडी मराठीत बसवली. तोपर्यंत मराठी वाचक म्हणजे स्वतःच पदच्छेद करणारा माणूस होता.

डिलवर्थ आणि वेबस्टर

आता पलीकडची बाजू पाहू. इंग्रज मुलालाही लांब इंग्रजी शब्द जन्मतः वाचता येत नाही. अठराव्या शतकात त्याच्या हाती 'स्पेलिंग बुक' असे. त्यात आधी आपल्या बाराखडीसारखे दोन-दोन अक्षरांचे तक्ते, मग एका अवयवाचे शब्द, मग दोन अवयवांचे, मग तीन, असे पाच-सहा अवयवांपर्यंत चढत जाणारे कोष्टक असे आणि प्रत्येक शब्द तोडून छापलेला असे. टॉमस डिलवर्थ याचे १७४० चे पुस्तक इंग्लंडात आणि अमेरिकेत फार चालले. त्याचा नियम असा की दोन स्वरांमधले व्यंजन पुढच्या स्वराला द्यावे, आणि शब्दाच्या आरंभी येऊ शकणारी व्यंजनजोडी फोडू नये. म्हणून 'हॅबिट' तो 'हॅ-बिट' असा तोडी आणि 'क्लस्टर' हा 'क्ल-स्टर' असा.

हा नियम वाचून मराठी वाचकाला ओळखीचे काहीतरी भेटल्यासारखे वाटेल. देवनागरी हेच करते. लॅटिनच्या वळणाने घडलेला डिलवर्थ आणि बाराखडीत वाढलेले वेळापूरचे मूल एकाच ठिकाणी शब्द तोडतात.

नोआ वेबस्टर या तरुण अमेरिकन शिक्षकाने १७८३ मध्ये आपले स्पेलिंग बुक काढले आणि या नियमाला हरकत घेतली. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : 'हॅ' आणि 'बिट' असे तोडले तर मूल पहिला स्वर लांबवते आणि 'हेबिट' म्हणू लागते, कारण इंग्रजीत व्यंजनाने बंद न झालेला स्वर बहुधा दीर्घ वाचला जातो. म्हणून 'हॅब-इट', 'क्लस्-टर', 'बिश-अप' असे तोडावे, म्हणजे उच्चार आपोआप नीट होतो. 'नेशन'मधला शेवटचा भाग डिलवर्थ दोन अवयवांत मोजी. वेबस्टरने तो बोलण्याप्रमाणे एकच धरला. शब्द उच्चाराप्रमाणे तोडावा हे तत्त्व इंग्लंडात बिशप रॉबर्ट लाउथ याने १७६२ च्या व्याकरणात सांगितले होतेच. वेबस्टरने त्याचे बालकांसाठी पुस्तक केले. एकोणिसाव्या शतकात त्या निळ्या पुठ्ठ्याच्या पुस्तकाच्या कोट्यवधी प्रती अमेरिकेत खपल्या.

वेबस्टरचा हा शोध आपल्या दृष्टीने मोलाचा आहे. 'कॉम्प्युटर' हा शब्द मराठी मूल 'कॉ-म्प्यु-ट-र' असे लिहिते, आणि वाचतानाही तसेच तोडू पाहते. 'म्प्यु' हे ओझे एका दमात उचलायला जड आहे. 'कॉम्-प्यु-टर' असे तोडले की ते ओझे उरत नाही. म्हणजे वेबस्टरने जे सांगितले ते प्रातिशाख्यांच्या मताशी जुळणारे आहे : संयोगातले पहिले व्यंजन मागे द्या. आपल्याच परंपरेतले हे सूत्र इंग्रजीच्या तासाला कोणी सांगितले असते, तर अर्धे अडखळणे तेथेच संपले असते.

मॅट्रिक

मग ते का सांगितले गेले नाही? महाराष्ट्रात इंग्रजी आली ती मुख्यतः दप्तराची आणि परीक्षेची भाषा म्हणून. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले आणि १८५९ मध्ये पहिली प्रवेशपरीक्षा झाली. तिच्यात उत्तीर्ण झालेल्या मूठभर तरुणांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. या परीक्षेचे नाव 'मॅट्रिक्युलेशन'. पाच अवयवांचा हा शब्द मराठी समाजाने दुसऱ्या अवयवानंतर तोडला आणि 'मॅट्रिक' करून घरात घेतला. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ नामावली, पटनोंदणी. अर्थ कोणाला ठाऊक नव्हता. पण पुढची शंभर वर्षे घराघरांतली मुले 'मॅट्रिक' आणि 'नॉनमॅट्रिक' अशा दोन जातींत विभागली गेली, आणि पुष्कळांची जात इंग्रजीच्या पेपराने ठरवली. लग्नाच्या बोलणीतही तो शब्द येई.

बोलणाऱ्या समाजाने लांब इंग्रजी शब्दांशी जे केले ते याच धर्तीचे आहे. 'प्लॅटफॉर्म'चा 'फलाट' झाला : जोडाक्षर सोडवले, शेपूट टाकून दिले. 'म्युनिसिपालिटी'ची 'मुनसिपाल्टी' झाली, 'कंपनी'ची 'कुंपणी'. ही अशिक्षितांची मोडतोड नव्हे. कानाने केलेला हा बिनचूक व्यवहार आहे : मराठी जिभेला पेलतील तेवढेच अवयव ठेवायचे आणि तेही मराठी घाटाचे. पण शाळेत 'मुनसिपाल्टी' म्हणणारा मुलगा चुकीचा ठरे. घरचा कान शाळेत वापरायला बंदी होती आणि त्याच्या जागी दुसरे साधन मिळत नव्हते.

याच काळात एक विलक्षण विसंगती घडत होती. भांडारकरांनी १८६० च्या दशकात 'मार्गोपदेशिका' आणि तिचे पुढचे पुस्तक लिहून संस्कृत शिकणे पंतोजीच्या घोकंपट्टीतून सोडवले; धातू, उपसर्ग, प्रत्यय, संधी पायरीपायरीने मांडले. दादोबा पांडुरंगांच्या १८३६ च्या व्याकरणापासून मोरो केशव दामल्यांच्या १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पर्यंत मराठी शब्दाची घडण उलगडण्याची परंपरा बळकट झाली. शाळेत मुले 'सूर्योदय'चा संधी सोडवू लागली, 'पंचवटी'चा समास ओळखू लागली. त्याच शाळेत, पुढच्याच तासाला, इंग्रजी शब्द मात्र दगडासारखा अखंड समोर ठेवला जाई. फोडण्याचे हत्यार हातात होते, पण ते संस्कृत-मराठीचे हत्यार आहे, इंग्रजीला चालत नाही, असा समज होता.

कोशकारांची गुपिते

इंग्रजी शब्दाचे घटक पाहणारा एक वर्ग मात्र होता : प्रतिशब्द घडवणारे. 'टेलिफोन'मधले 'टेलि' म्हणजे दूर आणि 'फोन' म्हणजे ध्वनी हे पाहिल्याशिवाय 'दूरध्वनी' होत नाही. हा शब्द सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीतून रुळला. 'मायक्रोस्कोप' फोडल्याशिवाय 'सूक्ष्मदर्शक' नाही. 'इंटरनॅशनल' हा शब्द 'इंटर', 'नेशन' आणि 'अल' असा सोडवून प्रत्येक तुकड्याच्या जागी 'आंतर', 'राष्ट्र' आणि 'ईय' बसवले की 'आंतरराष्ट्रीय' तयार होतो. १९६० मध्ये महाराष्ट्र शासनाने भाषा संचालनालय स्थापन केले आणि परिभाषेच्या कोशांचे मोठे काम सुरू झाले. तेही बव्हंशी अशाच पदच्छेदावर उभे आहे.

यात आणखी एक गंमत आहे. 'इंटर' आणि 'अंतर्', 'सुपर' आणि 'उपरि', 'प्रो' आणि 'प्र', 'सब' आणि 'उप', नकारार्थी 'इन्' आणि 'अन्' या जोड्या केवळ अर्थाने सारख्या नाहीत. भाषाशास्त्राच्या दृष्टीने त्या एकाच मुळाच्या आहेत. दहावीच्या मुलाला बावीस उपसर्ग पाठ असतात. त्यांतल्या काहींचे सख्खे भाऊ इंग्रजीत नांदतात हे त्याला कोणी सांगत नाही. कोशकाराने शब्द फोडला, त्याचे मराठी घडवले आणि फोड स्वतःच्या टेबलावर ठेवून दिली. विद्यार्थ्यापर्यंत पोचले ते दोन अखंड दगड : 'इंटरनॅशनल' आणि 'आंतरराष्ट्रीय'. एकाने दुसरा उघडता आला असता.

कधीकधी लिपीही न कळत साक्ष देते. 'हेलिकॉप्टर' हा शब्द 'हेलि' आणि 'कॉप्टर' असा आहे अशी जगभर समजूत आहे, आणि त्यावरूनच 'हेलिपॅड' निघाला. खरे तर तो ग्रीक 'हेलिको' म्हणजे मळसूत्री आणि 'प्टेरॉन' म्हणजे पंख यांचा बनलेला आहे. ते 'प्टेरॉन' आपल्या 'पत्र' या शब्दाचे, पंख या अर्थी, नातलग. आणि देवनागरीत आपण लिहितो काय? 'हेलिकॉ' आणि मग 'प्टर'. इंग्रजी लेखनात न दिसणारा सांधा आपल्या जोडाक्षराने अनवधानाने शाबूत ठेवला आहे.

दोन छेद जुळत नाहीत

अर्थात हे सर्व वाटते तितके सरळ नाही. ध्वनीचा छेद आणि अर्थाचा छेद इंग्रजीत वारंवार एकमेकांना काट मारतात. 'डिमॉक्रसी' अर्थाने 'डेमो-क्रसी', लोक आणि सत्ता, उच्चाराने 'डि-मॉक्-र-सी'. ब्रिटिश छापखान्यांचा कल परंपरेने पहिल्या फोडीकडे, अमेरिकनांचा वेबस्टरला अनुसरून दुसरीकडे. 'रेकॉर्ड' हा शब्द नाम असला तर एका ठिकाणी तुटतो, क्रियापद असला तर दुसऱ्या. १९८३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात फ्रँकलिन लियांग याने संगणकाकडून इंग्रजी शब्द तोडून घेण्याची पद्धत प्रबंधरूपाने मांडली. डोनाल्ड क्नुथच्या 'टेक' या अक्षरजुळणीच्या प्रणालीत ती वापरली गेली. तिच्यात ४४४७ आकृतिबंध होते आणि त्यांच्याने कोशातल्या तोडीच्या जागांपैकी सुमारे ८९ टक्के सापडत. इतके करूनही अकरा टक्के जागा सुटतात. मराठी शब्द ओळीअखेर तोडायला संगणकाला जवळपास एकच नियम पुरतो : अक्षर संपले की तोडा.

म्हणून लांब इंग्रजी शब्द वाचणाऱ्याला दोन्ही छेद यावे लागतात. आधी कानाचा, म्हणजे जीभ मोकळी होते. मग अर्थाचा, म्हणजे शब्द आपला होतो. यांत स्मरणाचा तिसरा छेद, गाढवावर गाढव, मदतीला असावा, एकटा नसावा.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आली. त्या निर्णयावर पुष्कळ वाद झाला आणि तो संपलेला नाही. मराठी टिकेल की नाही, इंग्रजी येईल की नाही, अशा मोठ्या प्रश्नांवर तो होत राहिला. फळ्यावर लांब शब्द लिहिताना खडू कोठे थांबावा, या लहान प्रश्नाकडे त्या मानाने लक्ष गेले नाही. माझ्या मते मोठ्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ अंशी या लहान प्रश्नात आहे. कारण भाषेविषयीचा न्यूनगंड धोरणाच्या कागदावर जन्मत नाही. तो एखाद्या शब्दावर, एखाद्या तासाला, चाळीस मुलांच्या देखत जन्मतो.

असो. पुन्हा त्या शब्दाकडे येऊ. 'रिस्पॉन्सिबिलिटी.' 'रिस्पॉन्स' म्हणजे उत्तर, जबाब. 'इबल' म्हणजे तसे करू शकणारा, ते ज्याच्याकडे आहे असा. 'इटी' म्हणजे तसे असण्याचा भाव. मराठीत याला शब्द आहे 'जबाबदारी' : जबाब, दार, ई. तुकड्याला तुकडा जुळतो, त्याच क्रमाने. संस्कृत वळणाचा 'उत्तरदायित्व' घ्या : उत्तर, दायि, त्व. पुन्हा तेच तीन तुकडे. माझ्या वर्गातल्या त्या मुलाला जबाबदारी हा शब्द ठाऊक होता. शाळेतून गेल्यावर म्हशी सोडण्याची जबाबदारी त्याच्यावरच होती. त्याच्या समोरचा शब्द त्याच्याच घरचा होता, फक्त वेगळा अंगरखा घातलेला. हे सांगायला फळ्यावर दोन उभ्या रेघा पुरल्या असत्या.

सोलापूर जिल्ह्यातच, भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग-कुडल येथे, शके ९४० म्हणजे इ. स. १०१८ चा शिलालेख आहे. मराठीच्या अगदी आरंभीच्या लेखांत त्याची गणना होते. त्याच्या अखेरीस जे मराठी वाक्य आहे त्याचा अभ्यासकांनी लावलेला अर्थ असा की जो हे वाचील तो विजयी होईल. तो अर्थही त्यांना सलग कोरलेली अक्षरे कोठे तोडायची हे ठरवूनच लावावा लागला. हजार वर्षांपूर्वीच्या त्या कोरक्याने वाचणाऱ्याला विजयाचे आश्वासन दिले. अडखळणाऱ्यासाठी काही लिहून ठेवलेले नाही. ते काम शिक्षकांचे आहे, आणि शर्ववर्म्याने ते सहा महिन्यांत होते असे सांगितले आहे.